नाव न विचारता : तुरुंगातील आरोग्य-पाहण्या आणि उत्तराचे स्वातंत्र्य

‘काल रात्री तू कुठे होतास?’ हे वाक्य आईने उच्चारले तर त्यात काळजी असते, मित्राने उच्चारले तर कुतूहल असते आणि फौजदाराने उच्चारले तर ते उत्तर देणाऱ्याच्या आयुष्याचा निकाल लावू शकते. तिन्ही ठिकाणी वाक्यरचना एकच असते. प्रश्नाचा अर्थ कोण विचारतो, कोणाला विचारतो आणि उत्तराचे पुढे काय होणार आहे यावर ठरतो, हे भाषेच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. तरीही समाजशास्त्रे आणि आरोग्यविज्ञाने जेव्हा ‘प्रश्नावली’ नावाची संहिता तयार करतात, तेव्हा या साध्या गोष्टीचा विसर पडलेला पुष्कळदा दिसतो. तो विसर सर्वांत महाग पडतो तुरुंगात.

तुरुंगात पोहोचेपर्यंत माणसाला असंख्य प्रश्न विचारून झालेले असतात. पोलीस विचारतात, दंडाधिकारी विचारतात, वकील विचारतात, आत घेताना तुरुंगाधिकारी विचारतो. प्रत्येक उत्तर नावापुढे लिहिले जाते आणि कोणते उत्तर कधी अंगावर येईल याचा नेम नसतो. अशा माणसासमोर एके दिवशी आरोग्यसंशोधक येतो आणि विचारतो : तुम्ही येथे सुईने अमली पदार्थ घेता का? दुसऱ्याची सुई वापरता का? येथे तुमचे कोणाशी शारीरिक संबंध आले आहेत का? हेतू चांगला असतो. एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क हे रोग बंद भिंतींआड कसे पसरतात हे कळल्याशिवाय ते थांबवता येत नाहीत. पण उत्तर देणाऱ्याच्या दृष्टीने हे तिन्ही प्रश्न म्हणजे कबुलीजबाबाचे आवाहन आहे.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे : हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. मात्र उत्तर कोणाचे आहे हे ओळखण्याची सत्ता विचारणाऱ्याने आधी स्वतःहून सोडून दिली, तरच ते विचारण्याचा अधिकार त्याला पोहोचतो. आणि ही सत्ता सोडण्याचे काम मोठ्या प्रमाणात भाषेचे आहे. मराठी शिकवणाऱ्याने या विषयात पडण्याचे कारण तेवढेच.

प्रथम, विचारावे का याविषयी. स्कॉटलंडमधील ग्लेनोकिल तुरुंगाचे उदाहरण या विषयाच्या अभ्यासकांना चांगले परिचित आहे. १९९३ च्या पूर्वार्धात तेथील कैद्यांमध्ये काविळीचे आणि एचआयव्हीचे रुग्ण एकापाठोपाठ सापडू लागले. उन्हाळ्यात समुपदेशन आणि नावानिशी, स्वेच्छेने चाचणी अशी मोहीम घेण्यात आली. तुरुंगात ३७८ कैदी होते. त्यांपैकी २२७ जणांनी समुपदेशन घेतले आणि १६२ जणांनी, म्हणजे ४३ टक्क्यांनी, चाचणी करून घेतली. त्यांत १२ जण बाधित निघाले. समुपदेशन घेतलेल्यांपैकी ३३ जणांनी याच तुरुंगात सुईने अमली पदार्थ घेतल्याचे सांगितले. बाधित निघालेले बाराही जण या ३३ मधले होते, आणि ३३ पैकी ३२ जणांनी तेथे सुया एकमेकांत वापरल्या होत्या. किमान आठ जणांना लागण तुरुंगातच झाली हे तारखांच्या आधारे निश्चित करता आले. राज्यसंस्थेने ज्यांना आपल्या ताब्यात ठेवले होते त्यांना राज्यसंस्थेच्या छपराखाली रोग लागला, हे १९९५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आकड्यांनिशी छापले गेले.

पुढच्या वर्षी, १९९४ साली, शीला गोर, ग्रॅहॅम बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच तुरुंगात दुसऱ्या रीतीने पाहणी केली. कैद्याने लाळेचा नमुना द्यायचा आणि एक प्रश्नावली स्वतःच भरायची. नमुना आणि प्रश्नावली एकमेकांशी जोडलेली असली तरी दोन्हींपैकी काहीच नावाशी जोडलेले नव्हते. या पाहणीत हजर कैद्यांपैकी सुमारे ८४ टक्क्यांनी भाग घेतला. सुई वापरणाऱ्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाने आपण पहिली सुई तुरुंगातच टोचून घेतली असे लिहून दिले. दोन्ही वर्षांची परिस्थिती तंतोतंत सारखी नव्हती. एकीकडे समुपदेशनासह रक्ताची चाचणी होती, दुसरीकडे लाळेचा नमुना होता. तेव्हा ४३ आणि ८४ या आकड्यांची थेट वजाबाकी करणे योग्य नाही. पण नाव बाजूला काढल्यावर माणसे बोलायला तयार होतात, हा निष्कर्ष टाळता येण्यासारखा नाही.

या रीतीची किंमतही आहे, आणि ती लपवू नये. नमुना निनावी असेल तर त्याचा निकाल ज्याचा त्याला कळवता येत नाही. पाहणी सांगते की या बराकीतील इतके जण बाधित आहेत. ते कोण, हे पाहणी करणाऱ्यालाही ठाऊक नसते. म्हणून ज्याला स्वतःचे जाणून घ्यायचे आहे त्याच्यासाठी वेगळी, गोपनीय आणि ऐच्छिक चाचणी शेजारीच उपलब्ध हवी. ती नसेल तर निनावी पाहणी ही केवळ मोजदाद ठरते.

‘गोपनीय’ आणि ‘निनावी’ हे दोन शब्द आपल्याकडे सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. सर्वेक्षणांच्या मराठी प्रश्नावल्यांवर ‘आपली माहिती गोपनीय ठेवली जाईल’ असे वाक्य छापण्याचा प्रघात आहे. पण गोपनीय म्हणजे विचारणाऱ्याला ठाऊक असते आणि तो दुसऱ्याला न सांगण्याचे वचन देतो. निनावी म्हणजे विचारणाऱ्यालाच ठाऊक नसते, म्हणून वचनाचा प्रश्नच उद्भवत नाही. सरकारी नोकरीतल्या प्रत्येकाला ‘गोपनीय अहवाल’ हा शब्दप्रयोग माहीत आहे. आपल्याविषयी वरिष्ठाने लिहिलेला आणि वर्षानुवर्षे आपल्यालाच न दाखवला गेलेला कागद! सत्तेच्या भाषेत ‘गोपनीय’चा अर्थ असा उलटा होतो. मग कैद्याने त्या शब्दावर विसंबून काय म्हणून राहावे?

आपल्या कायद्याला हा अविश्वास फार पूर्वीपासून मान्य आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही असे ठरवले. पोलिसांच्या ताब्यात असताना दिलेला कबुलीजबाबही, दंडाधिकाऱ्याच्या समक्ष दिलेला नसेल तर, ग्राह्य नाही असे म्हटले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. संविधानाच्या अनुच्छेद २० च्या तिसऱ्या खंडाने आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याच्या सक्तीपासून संरक्षण दिले आहे. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी’ खटल्यात नार्को चाचणीसारख्या प्रकारांना संमतीशिवाय परवानगी नाही असे सांगून या संरक्षणाचा विस्तार केला. बंदिवासात उच्चारलेल्या शब्दावर भार टाकू नये, हे तत्त्व त्यात आहे. ते न्यायालयाला लागू असेल तर संशोधकालाही लागू असले पाहिजे.

आपल्याकडे हा मुद्दा अधिक तीव्र होतो, कारण आपल्या तुरुंगांत ‘पक्के’ कैदी थोडे आणि ‘कच्चे’ कैदी फार. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती, आणि त्यांतील सुमारे तीनचतुर्थांश माणसांचे खटले अजून संपलेले नव्हते. जागा मात्र ४,३६,२६६ जणांपुरतीच होती. अंगाला अंग लावून झोपणाऱ्या, जामिनाची वाट पाहणाऱ्या, कायद्याच्या दृष्टीने अद्याप निर्दोष असलेल्या माणसाला आपण अमली पदार्थांविषयी विचारणार. आणि अमली पदार्थांचे नुसते सेवन हादेखील १९८५ च्या कायद्याप्रमाणे गुन्हाच आहे. या माणसाने होकार द्यावा असे वाटत असेल तर तो होकार त्याच्या नावापर्यंत पोहोचणार नाही, याची व्यवस्था आधी करायला हवी.

नोंदीचे भय हे महाराष्ट्राला नवे नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच नोंदवहीत टाकले. हजेरी देणे हीच त्यांची शिक्षा झाली. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील सेटलमेंटची आठवण अजून पुरती विझलेली नाही. १९५२ साली कायदा रद्द झाला. पण नाव लिहून घेणाऱ्या माणसाविषयीचा धसका कायदा रद्द केल्याने जात नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले, तेव्हा मराठी वाचकाला पोलिसी चौकशी एखाद्या समाजाचे नित्याचे वास्तव कशी असते ते आतून कळले. ज्यांच्यासाठी ‘तुझे नाव काय’ हा प्रश्नच पिढ्यान्‌पिढ्या संकटाची सुरुवात होता, त्यांच्यातील कितीतरी माणसे आजही गजाआड आहेत.

नावानिशी कळलेल्या आरोग्यमाहितीचे काय होऊ शकते, हे गोव्याने १९८९ साली पाहिले. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदान करणारा होता. त्याने दिलेल्या रक्तात एचआयव्ही आढळला. त्याला आधी विश्वासात घेऊन काही सांगण्याऐवजी पोलीस त्याच्या दारी आले, आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधारे त्याला म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस पहाऱ्यात ठेवण्यात आले. त्याची आई ल्यूसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोव्यातील खंडपीठात दाद मागितली. पण अशा व्यक्तीला वेगळे ठेवण्याचा सरकारचा अधिकार न्यायालयाने शेवटी उचलून धरला. डॉमिनिकने गुन्हा केला नव्हता. तरी नुसत्या एका निकालाने त्याचा कैदी झाला. जो आधीच कैदी आहे त्याचे काय होईल, याची कल्पना यावरून करावी. पुढे २०१७ साली एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा झाला, तो २०१८ च्या सप्टेंबरात अमलात आला, आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी करू नये, व्यक्तीची स्थिती उघड करू नये असे त्याने बजावले. एका माणसाच्या ६४ दिवसांपासून या कायद्यापर्यंत यायला जवळजवळ तीन दशके लागली.

गोव्यात सरकारने जे जाणले त्याचा दुरुपयोग झाला. दिल्लीत सरकारने जाणण्याचेच नाकारले. १९९४ साली तिहार तुरुंगात पुरुष कैद्यांमध्ये शारीरिक संबंध घडतात हे लक्षात घेऊन निरोध वाटावेत अशी वैद्यकीय शिफारस पुढे आली. तेव्हाच्या तुरुंग महानिरीक्षक किरण बेदी यांनी ती मान्य केली नाही. निरोध वाटणे म्हणजे अशा संबंधांना मान्यता देणे, आणि कलम ३७७ प्रमाणे तर ते गुन्हा, असा एकंदर युक्तिवाद होता. त्यावर ‘एड्स भेदभाव विरोधी आंदोलन’ या गटाने दिल्ली उच्च न्यायालयात ३७७ लाच आव्हान दिले. ही याचिका २००१ साली सुनावणीविना निकाली निघाली. परंतु ३७७ विरुद्धच्या पुढील दीर्घ न्यायालयीन लढ्याचा आरंभ एका तुरुंगाच्या दारात झाला, हे विसरू नये. येथे प्रश्नावलीपुढची खरी अडचण दिसते. जी गोष्ट अस्तित्वात असल्याचे मान्य केल्यास काहीतरी करावे लागेल, ती अस्तित्वातच नाही असे म्हणणे प्रशासनाला सोयीचे असते.

६ सप्टेंबर २०१८ च्या ‘नवतेज सिंग जोहर’ निकालाने प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. संमतीविरुद्धच्या कृत्यांना मात्र ३७७ लागू राहिले. त्यानंतर १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ३७७ चे प्रतिरूपच ठेवले गेले नाही. बलात्काराच्या व्याख्येत पीडित म्हणून स्त्रीच गृहीत धरलेली राहिली. म्हणजे ही संहिता आली तेव्हा तुरुंगात एखाद्या पुरुषावर लैंगिक जबरदस्ती झाली तर त्या कृत्याला नेमके नाव असलेले कलम तिच्यात नव्हते. कायद्याच्या शब्दकोशात ज्याला शब्द नाही, त्याची नोंद फिर्यादीत होणे कठीण. अशा वेळी निनावी पाहणी ही त्या अनुभवाची नोंद होऊ शकेल अशा मोजक्या जागांपैकी एक ठरते. ती कशी विचारते याला म्हणूनच एवढे महत्त्व.

विचारण्याच्या युक्त्या संख्याशास्त्रज्ञांनी शोधल्या आहेत, आणि त्यांतील एक तरी साहित्याच्या वाचकाने समजून घ्यावी इतकी सुंदर आहे. १९६५ साली स्टॅन्ली वॉर्नर या अभ्यासकाने असे सुचवले की कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे हे उत्तर देणाऱ्याच्या हातातील यदृच्छेने ठरावे आणि विचारणाऱ्याला ते दिसू नये. या कल्पनेचे पुढे रूढ झालेले एक सोपे रूप असे : नाणे उडवा, मला दाखवू नका, छापा पडला तर काहीही असो, ‘हो’ म्हणा, काटा पडला तर खरे सांगा. शंभर जणांत साठ ‘हो’ आले, तर त्यांतील सुमारे पन्नास नाण्याचे. उरलेल्या पन्नासांत खरे ‘हो’ दहा, म्हणजे वीस टक्के. समूहाचे सत्य कळले, पण कोणाही एका माणसाच्या ‘हो’चा अर्थ कोणालाच लावता येत नाही. संदिग्धता हा दोष नसून आश्रय असू शकतो, हे कवितेच्या अभ्यासकाला ओळखीचे आहे. येथे संख्याशास्त्र तेच सांगते. मात्र या रीतीतही एक मानवी अडथळा येतोच. नाण्याने ‘हो’ म्हणायला सांगितले तरी काही माणसांच्या तोंडून तो शब्द निघत नाही. निर्दोष माणसाला खोटा होकारही कबुलीसारखा वाटतो. ज्याने आयुष्यात एकदा दबावाखाली ‘हो’ म्हटले आहे त्याला तर अधिकच.

दुसरी रीत ध्वनी आणि संगणकाची. प्रश्न कानाला लावलेल्या हेडफोनमधून ऐकू येतात आणि उत्तर पडद्यावर बोट टेकवून द्यायचे असते. अमेरिकेत १९९५ साली किशोरवयीन मुलांच्या राष्ट्रीय पाहणीत दोन्ही रीतींची तुलना झाली. कागदावर उत्तर देणाऱ्या मुलांपैकी १.५ टक्क्यांनी, तर या रीतीने उत्तर देणाऱ्यांपैकी ५.५ टक्क्यांनी अन्य मुलाशी वा पुरुषाशी शारीरिक संबंध आल्याचे नोंदवले. लिहिलेला कागद मागे राहतो. बोटाचा स्पर्श पडद्यावर राहत नाही.

अमेरिकेने २००३ साली तुरुंगातील बलात्काराच्या निर्मूलनासाठी कायदा केला. त्यानुसार कैद्यांच्या राष्ट्रीय पाहण्या सुरू झाल्या, त्यांत हीच ध्वनिरीत वापरली गेली. शिवाय एक बारीक खबरदारी घेतली गेली. काही कैद्यांना, यदृच्छेने निवडून, लैंगिक अत्याचाराऐवजी मद्य व अमली पदार्थांविषयीची निराळीच प्रश्नावली दिली जाई. त्यामुळे खोलीत जाऊन आलेल्या कैद्याला नक्की काय विचारले गेले हे पहारेकऱ्यांना वा इतर कैद्यांना ओळखता येत नसे. २०११-१२ च्या पाहणीत राज्य आणि संघराज्य तुरुंगांतील ४ टक्के कैद्यांनी आदल्या वर्षभरात लैंगिक अत्याचार झाल्याचे नोंदवले. उत्तराला संरक्षण देऊन भागत नाही. प्रश्नालाही आडोसा लागतो, ही जाणीव त्या खबरदारीत आहे.

पण यंत्रे आणली तरी त्यांतून बोलायची भाषा कोणती? येथे मराठीच्या अध्यापकाला काही म्हणण्याचा हक्क आहे. आरोग्यक्षेत्रातल्या मराठी प्रश्नावल्यांत ‘जोखमीचे वर्तन’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. बाहेरच्या जगात तो निरुपद्रवी आहे. तुरुंगात मात्र ‘वर्तन’, ‘वर्तणूक’ हा शब्द शिक्षेतील माफीशी जोडलेला. चांगल्या वर्तणुकीचे दिवस मोजले जातात, त्यावर सुटकेची तारीख हलते. ज्या कागदाच्या माथ्यावर ‘वर्तन’ छापले आहे त्यावर कोणता शहाणा कैदी खरे लिहील? ‘माहिती देणे’ या क्रियापदाचीही तीच गत. आत माहिती देतो तो खबरी.

लैंगिकतेविषयी तर आपली भाषा दोन टोकांत विभागलेली आहे. एका टोकाला वैद्यकाचे आणि कायद्याचे संस्कृतप्रचुर शब्द, जे बहुसंख्य कैद्यांना कळणार नाहीत. दुसऱ्या टोकाला बोलीतले शब्द, जे सगळ्यांना कळतात पण शिवी म्हणूनच. मधली, अपमान न करता स्पष्ट बोलणारी भाषा आपण घडवलेलीच नाही. प्रश्नावलीकाराने पारिभाषिक नाव शोधण्याऐवजी काय घडले त्याचे साधे वर्णन करावे आणि ते आधी कैद्यांपैकीच काहींना ऐकवून पाहावे. अनिल अवचटांनी ब्राऊन शुगरच्या व्यसनावर लिहिले तेव्हा पुस्तकाला रस्त्यावरचे नाव दिले : ‘गर्द’. त्या एका शब्दाने जे साधले ते ‘अफूजन्य अमली पदार्थांचे सेवन’ या शब्दसमूहाने साधले नसते.

प्रयोगविचारही येथे केवळ परीक्षेपुरता राहत नाही. ‘तुम्ही तुरुंगात कोणाशी शरीरसंबंध ठेवलेत का?’ या प्रश्नात कर्ता ‘तुम्ही’ आहे आणि ‘ठेवणे’ या क्रियेत इच्छा गृहीत आहे. ज्याच्यावर जबरदस्ती झाली तो या प्रश्नाला पूर्ण प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल, आणि अहवालात तो संबंध न आलेल्यांच्या रकान्यात जाईल. ‘तुमच्या बाबतीत असे घडले का’ असा प्रश्न विचारला, आणि त्यानंतर इच्छेने, इच्छेविरुद्ध, की जागा, जेवण, विडी वा संरक्षण यांच्या बदल्यात, असे पर्याय ठेवले, तर वेगळेच वास्तव समोर येईल. तिसरा पर्याय विशेष महत्त्वाचा. बंद जागेत संमती आणि सक्ती यांच्यामधला प्रदेश फार मोठा असतो. तसेच सुईविषयी : ‘दुसऱ्याने वापरलेली सुई तुम्ही वापरलीत का’ आणि ‘तुम्ही वापरलेली सुई दुसऱ्याला दिलीत का’ या दोन प्रश्नांतील पहिल्यात उत्तर देणारा धोक्यात आहे, दुसऱ्यात तो दोषी आहे. रोगप्रसाराच्या दृष्टीने दोन्ही हवेत. पण क्रम आणि शब्दयोजना यांवर उत्तरे अवलंबून राहतील. ‘गेल्या सहा महिन्यांत’ ऐवजी ‘या तुरुंगात आल्यापासून’ म्हणणे अधिक बरे, कारण आतला काळ तारखांनी आणि पेशींनी मोजला जातो. आणि ‘तू’ ऐवजी ‘तुम्ही’ म्हणायचे असेल तर ते कागदावर आणि तोंडीही म्हणावे. एरवी एकेरीत हाकारल्या जाणाऱ्या माणसाला ‘तुम्ही’ ऐकू आले तर हा प्रश्न वेगळ्या जागेवरून येतो आहे एवढे तरी कळते.

शिवाय महाराष्ट्रातील तुरुंगात सगळे मराठी नसतात आणि सगळे लिहिते-वाचते नसतात. निरक्षर कैद्याचा अर्ज लिहिता येणारा दुसरा कैदी लिहून देतो, ही रीत जुनी आहे. पाहणीतही तसेच झाले तर निनावीपणा तेथेच संपला. संमतीपत्राचा घोटाळाही असाच. नाव कळू नये म्हणून एवढा खटाटोप करायचा आणि आरंभीच सही किंवा अंगठा घ्यायचा, म्हणजे माणसाला पाहणीशी जोडणारा एकमेव पुरावा आपणच तयार करायचा. अमेरिकी नियमांत अशा परिस्थितीत सहीची अट शिथिल करण्याची तरतूद आहे, ती याच कारणासाठी. आपल्या पंचनाम्यांच्या देशात अंगठा म्हणजे काय, हे कैद्याइतके कोणाला ठाऊक असणार?

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की इतका त्रास कशाला. येणाऱ्या प्रत्येक कैद्याची सक्तीने चाचणी करावी. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली तुरुंगांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत सक्तीची चाचणी अनैतिक आणि निष्फळ ठरवली आहे. कारणही उघड आहे : चाचणी कोण बाधित आहे ते सांगते, रोग कसा पसरतो ते सांगत नाही. सुई कोठून येते, कोण कोणाला देतो, जबरदस्ती कोठे होते, हे रक्ताला विचारून कळत नाही. ते माणसालाच विचारावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : कैदी परतंत्र असल्याने त्याची संमती खरी असूच शकत नाही, तेव्हा त्याच्यावर संशोधनच नको. या आक्षेपामागे इतिहास आहे. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ या काळात कैद्यांच्या त्वचेवर पैसे देऊन प्रयोग केले गेले. अशा प्रकरणांनंतरच १९७९ च्या बेल्मॉन्ट अहवालात हा पेच नेमका मांडला गेला. कैद्याला सहभागाची संधी नाकारणे हाही अवमान, आणि त्याच्या परिस्थितीचा फायदा घेणे हाही. पण प्रयोग आणि प्रश्न यांत भेद केला पाहिजे. संरक्षणाच्या नावाखाली कैद्याला काहीच विचारायचे नाही असे ठरवले, तर त्याचा फायदा ज्यांना काही कळून घ्यायचे नाही त्यांनाच होतो. २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या मध्यवर्ती कारागृहांतील कैद्यांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सुमारे २ टक्के आढळले. देशातील प्रौढांमध्ये ते सुमारे ०.२ टक्के आहे. यांतील किती जण बाधित होऊनच आत आले आणि किती जणांना आत लागण झाली, हे न विचारता कळणार नाही.

म्हणून शेवटी येतो तो ऋणाचा मुद्दा. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांतील चोविसावा नियम सांगतो की बाहेरच्या समाजाला जे आरोग्यसेवेचे मान मिळते तेच कैद्याला मिळाले पाहिजे. ज्याने निनावी राहून का होईना, आपल्या शरीराविषयीचे सर्वांत अवघड सत्य सांगितले, त्याला त्या सत्याच्या बदल्यात निरोध, स्वच्छ सुई वा व्यसनावरील औषधोपचार, आणि तक्रारीची सुरक्षित वाट मिळणार नसेल, तर ते सत्य त्याच्याकडून काढून घेतले असेच म्हणावे लागेल. पाहणीची परवानगी मागताना उत्तर अमुक आले तर प्रशासन तमुक करील, हे लेखी ठरलेले असावे. एरवी अहवाल कपाटात जातो आणि पुढच्या पाहणीच्या वेळी कैदी शहाणा होऊन गप्प बसतो.

मराठीत तुरुंगात लिहिलेल्या वाङ्मयाची परंपरा मोठी आहे. मंडालेत ‘गीतारहस्य’ लिहिले गेले, नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’. हे लेखक राजकीय बंदी होते आणि त्यांना आपल्या नावाची भीती नव्हती. नाव हेच त्यांच्या शब्दाचे बळ होते. चोरी, मारामारी, गांजा, संशय अशा कारणांनी आत गेलेल्या आणि तारखेची वाट पाहणाऱ्या माणसाचे तसे नाही. त्याच्यासाठी नाव हे ओझे आहे. त्याचे आत्मकथन बहुधा लिहिले जाणार नाही. त्याला कोणी काही विचारलेच तर ते एखाद्या प्रश्नावलीतून, आणि त्याने काही सांगितलेच तर ते एखाद्या रकान्यातील खुणेतून. तो रकाना कसा आखला आहे आणि त्याशेजारचे वाक्य कोणी, कोणत्या भाषेत लिहिले आहे, याकडे आपण वाङ्मयाचे अभ्यासक म्हणून लक्ष द्यायला हवे. याविषयी संख्याशास्त्र, वैद्यक वा विधी यांच्या अध्यापकांचे म्हणणे वेगळे असेल तर त्यांनी ते जरूर मांडावे. प्रश्नावलीचा मराठी मसुदा मात्र छापण्याआधी भाषेच्या माणसाला एकदा दाखवावा, आणि त्याहीआधी कैद्याला.